गागोद्याचे विनोबा : मनात संकल्प धरला आणि तेरा वर्षे चालले

शेलू (ता. कर्जत) : सध्या मोबाईल उघडला की दोन-चार रील तरी असे येतात. सकाळी उठा, डोळे मिटा, श्वास सोडा आणि मला घर मिळाले, मला पैसा मिळाला असे एकवीस वेळा म्हणा, म्हणजे ते मिळते. याला मॅनिफेस्टेशन म्हणतात म्हणे. शेलू, नेरळ, वांगणी पट्ट्यात तर जागांचे भाव वाढल्यापासून प्रत्येकाच्याच मनात काही ना काही आहे. कुणाला जमीन विकून मोकळे व्हायचे, कुणाला विकलेली परत हवी. त्यामुळे असे व्हिडिओ फॉरवर्डही खूप होतात.

ध्यान आणि संकल्प या गोष्टी आपल्याकडे नव्या नाहीत. त्या आयुष्यभर करून पाहिलेला एक माणूस आपल्याच रायगड जिल्ह्यात जन्मला. खोपोलीहून पेणला जाताना वाटेत गागोद्याचा फाटा लागतो, ते त्याचे गाव. विनायक नरहरी भावे, म्हणजे आचार्य विनोबा भावे. शाळेच्या पुस्तकात त्यांच्यावर भूदान, जन्म, मृत्यू एवढ्या चार ओळी असतात. पण मनात एक गोष्ट धरायची आणि ती खरी होईपर्यंत सोडायची नाही, हा प्रकार त्यांनी कसा केला, कुठे जमला आणि कुठे फसला, हे वाचण्यासारखे आहे.

जन्म ११ सप्टेंबर १८९५ चा. तेव्हा आपला जिल्हा कुलाबा होता. वडील नरहरराव नोकरीसाठी बडोद्याला, आणि मुलगा लहानपणी गागोद्यात आई रुक्मिणीबाई व आजोबा शंभूराव यांच्यापाशी. आजोबा व्रत-नेमाचे पक्के. ते चांद्रायण करीत. चांद्रायण म्हणजे चंद्राप्रमाणे जेवण. प्रतिपदेला एक घास, दुसऱ्या दिवशी दोन, असे करत पौर्णिमेला पंधरा आणि मग पुन्हा एक-एक कमी. चंद्र उगवला की पूजा व्हायची, कितीही रात्र असो. झोपेतल्या नातवाला उठवून प्रसाद हातावर ठेवायचे. ठरवलेली गोष्ट शरीराला कशी ऐकायला लावायची हे त्या पोराने असे अर्धवट झोपेत पाहिले.

आईचे वेगळे. तिने एकदा देवाला एक लाख तांदूळ वाहायचे ठरवले. रोज थोडे थोडे, एक-एक दाणा मोजून. वडील हिशेबी आणि विज्ञानाची आवड असलेले. त्यांनी सुचवले की एक तोळा तांदूळ मोजून घे, त्यावरून लाखाचे वजन काढ, कमी पडायला नको म्हणून अर्धा तोळा जास्त घाल, संपले काम. हिशेब बरोबरच होता. आईला उत्तर सुचेना. विनोबा घरी आले तेव्हा तिने त्यांना विचारले. मुलाने सांगितले की हा गणिताचा प्रश्नच नाही, दाणा मोजताना प्रत्येक वेळी मन देवाकडे जाते, त्यासाठी मोजायचे. आईला पटले. वडिलांनाही पटले असावे, कारण पुढे मोजणे चालूच राहिले. जप आणि एकवीस वेळा म्हणायचे वाक्य यातला फरक इथेच आहे. आईला त्या तांदळांच्या बदल्यात काही मिळवायचे नव्हते.

गागोद्याच्या घरचा फणस पिकला की तो कापून आधी शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे वाटा जायचा, मग घरच्यांनी खायचा. हा आईचा नियम. कोकणात हे अजून कुठे कुठे आहे. भूदानाची गोष्ट सांगताना विनोबा स्वतः या फणसाची आठवण काढीत.

नऊ-दहा वर्षांचे असताना कुटुंब बडोद्याला गेले. तिथे या पोराने स्वतःच ब्रह्मचर्याचा निश्चय केला, पायात घालणे सोडले, मऊ अंथरूण सोडले. ध्यानाचा नादही तेव्हाचाच. बडोद्याचा उन्हाळा म्हणजे भट्टी. घरच्या नळाखाली मांडी घालून बसायचे, पाणी डोक्यावर पडू द्यायचे आणि आपण शंकर आहोत, वरून गंगा येते आहे असे मनात धरायचे. बसल्या बसल्या पंधरा-वीस मिनिटे कुठे गेली कळायचे नाही. समाधी लागली असे त्यांना वाटायचे. मोठेपणी त्यांनी हे हसत सांगितले आहे, पण नाकारले नाही.

सुरतला उतरले ते उतरलेच

शाळा-कॉलेजात हुशार, गणित आवडते. एक दिवस आई चुलीपाशी होती, विनोबांनी आपले दाखले गुंडाळून चुलीत घातले. आईने विचारले, पुढे लागले तर? त्यांना लागणारच नव्हते. मार्च १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेला मुंबईला निघालेले विनोबा सुरतला गाडीतून उतरले आणि काशीची गाडी पकडली. वडिलांना पत्र टाकले. हिमालयात जावे की बंगालच्या क्रांतिकारकांकडे, असे दोन्ही मनात होते. काशीत गांधीजींचे हिंदू विश्वविद्यालयातले भाषण त्यांच्या वाचनात आले, पत्रव्यवहार झाला आणि ७ जून १९१६ रोजी ते अहमदाबादला कोचरब आश्रमात पोचले. गांधीजी भाजी चिरत बसले होते. त्यांनी पाहुण्याच्या हातातही सुरी दिली.

पुढच्याच वर्षी विनोबांनी प्रकृती सुधारण्यासाठी आणि अभ्यासासाठी एक वर्षाची रजा मागितली. वाईला नारायणशास्त्री मराठे यांच्याकडे वेदान्ताचा अभ्यास केला. पायी महाराष्ट्र फिरले, किल्ले पाहिले, गावोगाव गीता सांगितली. शरीरासाठी जात्यावर दळण आणि रोज तीनशे सूर्यनमस्कार. गांधीजींना त्यांनी या सगळ्याचा हिशेब पत्राने पाठवला. आणि वर्ष पूर्ण झाले त्याच दिवशी आश्रमात हजर. गांधीजी रजेचे विसरून गेले होते, विनोबा विसरले नव्हते.

ऑक्टोबर १९१८ मध्ये इन्फ्लुएंझाची साथ आली. त्या साथीत आई गेली. आईला संस्कृत गीता कळत नसे, ती मराठीत हवी असे तिला फार वाटे आणि हे काम तू का करत नाहीस असे तिने मुलाला विचारले होते. बारा वर्षांनी, १९३० च्या ऑक्टोबरात, विनोबांनी पहाटे उठून लिहायला घेतले आणि १९३१ च्या फेब्रुवारीत गीताई पूर्ण झाली. आज अनेक घरांत ती छोटी पुस्तिका आहे. आईने बोललेली एक गोष्ट बारा वर्षे मनात ठेवली, तिचा जप केला नाही, भाषा घासूनपुसून तयार केली आणि मग हातात घेतली.

१९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी त्यांनी गीतेवर प्रवचने दिली. समोर कैदी बसलेले, त्यातले साने गुरुजी भराभर लिहून घेत. तीच गीता प्रवचने. त्यातला सहावा अध्याय ध्यानाचा. तिथे विनोबांनी ध्यानासाठी तीन गोष्टी सांगितल्या : चित्त एकाग्र करणे, जगणे मापात ठेवणे आणि सगळ्यांकडे सारख्या नजरेने पाहणे. पहिली गोष्ट आजच्या व्हिडिओवालेही सांगतात. बाकीच्या दोन सांगत नाहीत. खाणे, बोलणे, झोपणे, पाहणे याला माप नसेल तर डोळे मिटून बसलेल्याच्या मनात बाजारच भरणार, असा त्यांचा साधा रोख आहे. दिवसभर बांधावरून भांडून संध्याकाळी ध्यानाला बसले तर मन बांधावरच जाते, हे शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. ध्यानाबद्दल त्यांचे आणखी एक मत होते. ध्यान ही एक शक्ती आहे, काम करण्यासारखीच, ती चांगल्याला वापरता येते तशी स्वार्थालाही. डोळे मिटले म्हणून कुणी आपोआप साधू होत नाही.

रोज म्हणायच्या वाक्यांचे म्हणाल तर तीही विनोबांकडे होती. गांधीजींच्या आश्रमात अकरा व्रते होती. ती लक्षात राहावीत म्हणून विनोबांनी श्लोकात बांधली आणि ती रोजच्या प्रार्थनेत म्हटली जात. खरे बोलणे, चोरी न करणे, साठा न करणे, अंगमेहनत करणे, जिभेचे लाड न करणे, कुणाला न घाबरणे, शिवाशिव न पाळणे अशी ती व्रते. त्यात मला अमुक मिळो असे एकही नाही. मी असा वागेन, एवढेच.

अठ्ठ्याऐंशी पौंड

१९३८ ची गोष्ट या विषयात सगळ्यात महत्त्वाची. वर्ध्यातल्या कष्टाने विनोबांची तब्येत पार ढासळली होती. वजन ८८ पौंड, म्हणजे चाळीस किलो. गांधीजींनी बोलावून डॉक्टरला दाखवायला, थंड हवेच्या ठिकाणी जायला सांगितले. विनोबांनी मुदत मागून घेतली आणि वर्ध्याजवळ पवनारला, धाम नदीच्या काठी जमनालाल बजाज यांचा बंगला रिकामा होता तिथे गेले. नदीचा पूल ओलांडताना त्यांनी मनाशी तीनदा म्हटले की मी सगळे सोडले. आश्रमाची काळजी, कामाची काळजी, सगळेच. आणि खरोखर सोडले. पोचल्यावर मन रिकामे.

आता हाच तुकडा कापून रील केले तर लोक म्हणतील, बघा, तीनदा म्हटले आणि बरे झाले. पुढचे ऐका. पवनारला त्यांनी कुदळ घेतली. पहिल्या दिवशी पाच मिनिटे खणले. दुसऱ्या दिवशी थोडे जास्त. मध्ये दम घ्यायचा, पुन्हा खणायचे. असे वाढवत तासांवर नेले. वर्ष व्हायच्या आत वजन १२८ पौंड, सुमारे ५८ किलो झाले. चिंता गेली म्हणून अन्न अंगी लागले असेल, खणल्याने भूक लागली असेल, दोन्ही असेल. पण तीनदा म्हणून खाटेवर पडून राहिले असते तर काय झाले असते हे कुणालाही कळते.

अंगावरच्या आजाराशी मन लढवायची त्यांची सवय मात्र धोक्याचीही होती, हे लपवून चालणार नाही. डिसेंबर १९५२ मध्ये बिहारच्या चांडिलला त्यांना जबर मलेरिया झाला. औषध घ्यायला ते तयार नव्हते. ताप चढत गेला, देशभर काळजी. शेवटी लोकांनी फार विनवले तेव्हा औषध घेतले आणि उठले. मलेरिया संकल्पाने गेला नाही, औषधाने गेला. आपल्या भागात पावसाळ्यात ताप आला की अंगारे-धुपारे करून दिवस घालवणारे अजून आहेत, त्यांनी एवढे लक्षात घ्यावे.

१९४० मध्ये गांधीजींनी वैयक्तिक सत्याग्रहासाठी पहिला माणूस म्हणून विनोबांना निवडले. तेव्हा कुठे देशाला त्यांचे नाव कळले. तुरुंगवास झाले. ते सगळे इतिहासात आहे. पण १९४६ नंतरचे सुरगावचे काम फारसे कुणी सांगत नाही. पवनारजवळच्या या गावात विनोबा रोज खांद्यावर फावडे घेऊन मैला साफ करायला जात. सूर्य जसा रोज उगवतो तसे जायचे, हा नेम. एकदा पावसात मधला ओढा भरून वाहत होता. पलीकडे जाता येईना. विनोबांनी काठावरून ओरडून गावातल्या माणसाला सांगितले की देवळात जाऊन देवाला कळव, गावचा सफाईवाला येऊन गेला. मग परत फिरले. जमले नाही तरी नेम मोडला नाही.

शंभर एकरांची रात्र

१८ एप्रिल १९५१. तेलंगणातले पोचमपल्ली गाव. जमिनीवरून तिथे रक्तपात चालू होता, एका बाजूला जमीनदार आणि पोलीस, दुसऱ्या बाजूला कम्युनिस्ट. विनोबा पायी फिरत तिथे आले. दलित वस्तीतल्या चाळीस कुटुंबांनी सांगितले, ऐंशी एकर जमीन मिळाली तर कसून खाऊ. विनोबा सरकारला लिहायचे बोलले, पण मग समोर बसलेल्या गावकऱ्यांनाच विचारले, तुमच्यातले कुणी देता का? रामचंद्र रेड्डी उभे राहिले आणि शंभर एकर देतो म्हणाले.

त्या रात्री विनोबांना नीट झोप लागली नाही. त्यांचा भरवसा दोन गोष्टींवर, देव आणि गणित. रात्रीत दोन्ही चालले. देशातल्या भूमिहीनांना पुरायची तर पाच कोटी एकर जमीन लागेल, म्हणजे कसणाऱ्या जमिनीचा साधारण सहावा हिस्सा. एवढी कुणी मागून देईल का? मन घाबरले. मग आतून वाटले की घाबरायचे असेल तर अहिंसेचे नावच सोडून दे. आणि नाहीतर माग. दुसऱ्या दिवशी पुढच्या गावात त्यांनी मागितले, आणि मिळाले.

तिथून तेरा वर्षे. पहाटे तीनला उठायचे, प्रार्थना, मग अंधारात कंदील घेऊन चालायला सुरुवात. रोज दहा-बारा मैल. घरात पाच मुलगे असतील तर मला सहावा धरा आणि माझा वाटा द्या, असे मागणे. उन्हातान्हात, पोटात अल्सर असताना, साठी उलटल्यावरही. मे १९६० मध्ये चंबळच्या खोऱ्यात वीस दरोडेखोरांनी त्यांच्यासमोर हत्यारे ठेवली. एप्रिल १९६४ मध्ये पवनारला परत आले तेव्हा त्या पायांनी अर्धा लाख किलोमीटरच्या वर रस्ता तुडवला होता.

जमीन किती मिळाली? चाळीस लाख एकरांच्या वर. जगात कुठे नुसते मागून एवढी जमीन कुणाला मिळाल्याचे ऐकिवात नाही. पण पाच कोटी कुठे आणि चाळीस लाख कुठे! आणि त्या चाळीस लाखांतही पुष्कळशी खडकाळ, जंगलाची, कोर्टात अडकलेली निघाली. काहींनी सभेत हात वर केला आणि नंतर कागद केला नाही. काही ठिकाणी दात्याचा मुलगाच आडवा गेला. मोठा हिस्सा वाटलाच गेला नाही. दानपत्र भरले म्हणजे सातबारा बदलला असे होत नाही, मधे तलाठी आहे, मोजणी आहे, भाऊबंद आहेत. ही बाजू विनोबांनी कार्यकर्त्यांवर आणि सरकारवर सोडली, आणि तिथेच गाडे अडले. त्यांच्या बाजूने बोलणारेही हे मान्य करतात. पुढे ग्रामदानात बिहारची गावेच्या गावे सह्या करून मोकळी झाली, १९६९ पर्यंत जवळजवळ सगळा बिहार दान झाल्याचे जाहीर झाले, पण शेतात गेले तर बांध जुन्याच जागी. कागदावरचा संकल्प किती हलका असतो ते इथे दिसले.

तरी ज्या भूमिहीनांच्या नावावर तुकडा चढला त्यांच्या नातवंडांना आज विचारा. त्यांच्यासाठी ते चाळीस लाखांचे गणित नाही, घरची दोन एकर आहे.

शेवटची वर्षे आणि अभिध्यान

७ जून १९६६ ला गांधीजींना भेटून पन्नास वर्षे झाली. त्या दिवशी विनोबांनी जाहीर केले की आता बाहेरचे काम कमी, सूक्ष्म काम सुरू. यातला मुख्य भाग म्हणजे अभिध्यान. साधे ध्यान देवाचे. अभिध्यान म्हणजे एखाद्या माणसाला, एखाद्या कामाला डोळ्यासमोर आणून त्याच्या भल्यासाठी मन एकाग्र करणे. कार्यकर्त्यांना त्यांनी सांगितले की महिन्यातून एक पत्र लिहा, मी उत्तर देणार नाही, पण तुमचे काम मनात घेऊन बसेन. १९७० पासून तर पवनारचा आश्रम सोडून कुठे जायचे नाही असेच ठरवले. हा ब्रह्मविद्या मंदिर आश्रम त्यांनी १९५९ मध्ये स्त्रियांसाठी काढला होता आणि तो त्याच चालवतात.

दूर बसून दुसऱ्याचे भले मनात धरले तर त्याला पोचते का? विनोबांचा तसा विश्वास होता. मोजायला काटा नाही, म्हणून हो म्हणता येत नाही. एवढे दिसते की पत्रे लिहिणाऱ्यांना आपल्यासाठी कुणीतरी बसले आहे याचा आधार वाटे. आणि हेही दिसते की त्याच वर्षांत ग्रामदानाचे काम थंडावत गेले. जयप्रकाश नारायण यांच्यासारखे जवळचे सहकारी बसून राहणे पुरे म्हणून रस्त्यावर उतरले.

डिसेंबर १९७४ ते डिसेंबर १९७५ विनोबांचे वर्षभराचे मौन होते. मधेच आणीबाणी आली. मौनात त्यांनी शिस्तीबद्दल जे लिहून दाखवले ते सरकारने आपल्या पाठिंब्यासारखे वापरले. त्यावरून त्यांच्यावर फार टीका झाली, सरकारी संत म्हणून हिणवले गेले. त्यांचा अर्थ वेगळा होता असे त्यांचे लोक सांगतात. पण हजारो माणसे तुरुंगात असताना तेवढ्यावर थांबणे लोकांना रुचले नाही, आणि ते चूक म्हणता येत नाही. गोहत्याबंदीसाठी एप्रिल १९७९ मध्ये त्यांनी केलेला उपवास पाच दिवसांनी सुटला.

नोव्हेंबर १९८२ च्या सुरुवातीला हृदयविकाराचा त्रास झाला. डॉक्टर होते, औषधे होती. ८ नोव्हेंबरपासून विनोबांनी अन्न, पाणी, औषध तिन्ही बंद केले. शरीराचे काम झाले असे त्यांना वाटत होते. लोकांनी पुष्कळ समजावले. चांडिलला ऐकले होते, या वेळी ऐकले नाही. १५ नोव्हेंबरला सकाळी ते गेले, वय ८७. धाम नदीच्या काठी अग्नी दिला. पुढच्या वर्षी भारतरत्न जाहीर झाले.

गागोद्यात त्यांचे जन्मघर जपून ठेवले आहे. शेलूहून जायचे तर लोकलने कर्जत, तिथून खोपोली, आणि खोपोलीहून पेणच्या रस्त्याला गागोद्याच्या फाट्यावर उतरायचे. ११ सप्टेंबरला जयंती असते. फणसाच्या दिवसात गेलात तर आणखी बरे.